ठेवण : वीसपैकी आठ

परीक्षक आले तेव्हा आधी त्यांचं नाक आत आलं आणि मग, सवडीने, ते स्वतः. वाइनच्या तळघरातली माणसं त्यांना पाठीमागे नाकसाहेब म्हणत; तोंडावर नुसतं साहेब. पंचवीस वर्षांत आपल्या परीक्षणाच्या कागदावर एकही खाडाखोड झालेली नाही, ही माहिती ते स्वतःच्या नावाच्याही आधी देत. चुका झाल्याच नाहीत असं नव्हे. झालेली चूक खोडायची पद्धत नव्हती, इतकंच.

वाइन धाकटीची होती. धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. लग्न होऊन या द्राक्षवाल्यांच्या घरात आली आणि नवऱ्यापेक्षा पिंपांत जास्त रमली. नवऱ्याचं वाइनच्या वासानेही डोकं दुखे, त्यामुळे त्याची काही तक्रार नव्हती. तिने कॅबर्ने द्राक्षांच्या रसाला थोड्या मर्लोची जोड देऊन चार पिंपं भरली, बावीस महिने ओकच्या लाकडात मुरवली आणि थोरल्या दिरांना सांगितलं, "दादा, ही आठ-दहा वर्षं ठेवण्यासारखी झालीय. बाटल्यांत भरून आडवी करून ठेवू या."

"ठेवायला तो काय दागिना आहे?" दादा म्हणाले. "साहेब येतायत ना, त्यांना विचारू. ठेवण्यासारखी म्हणाले तर ठेवू. नाहीतर सोमवारी मोठ्या टाकीत."

मोठी टाकी म्हणजे रोजच्या जेवणाबरोबर प्यायची लाल वाइन. तीत काहीही ओतलं तरी ती तशीच लागे, हाच तिचा गुण. धाकटीची बावीस महिन्यांची मेहनत तिच्यात एका तासात विरघळली असती. दादांनी निकालाच्या आधीच टाकी धुऊन नळीही जोडून ठेवली होती. मन मोकळं ठेवण्याची त्यांची ही रीत.

परीक्षण सकाळी अकराला सुरू झालं. माणसाची जीभ अकरा वाजता सर्वांत शहाणी असते, असं साहेबांचं मत होतं. बाकीच्या वेळी त्यांची कशी असते, हे तळघरात सगळ्यांना ठाऊक होतं. टेबलावर पांढरं कापड, चार ग्लास, चार आकडे. तीन ग्लासांत बाहेरून आणलेल्या नावाजलेल्या वाइन आणि क्रमांक तीनमध्ये धाकटीची, नमुन्यापुरत्या भरलेल्या बाटलीतली, त्याच सकाळी उघडलेली. कुठल्यात काय, हे साहेबांना सांगितलेलं नव्हतं. मालकाने खोलीत थांबायचं नाही असा नियम, म्हणून दादा दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते. कागदावरचे रकाने, प्रत्येकी वीस गुणांचे, धाकटीनेच आखले होते: रंग, वास, चव, ठेवण.

पहिल्याच ग्लासावर साहेबांनी असा पूर्वरंग लावला की आख्यानाची आशाच सोडावी. "काळी मनुका... पेन्सिलीचं लाकूड... चामडं... आणि मागे कुठेतरी, पावसात भिजलेलं वाचनालय."

"वाचनालय गळत असणार," पिंपमामा पुटपुटले. पिंपमामांचा चाळीस वर्षं एकच उद्योग: पिंपातली वाइन उडून जेवढी खाली जाईल, तेवढी रोज वरून ओतून भरून काढायची. त्यामुळे ते फार बोलत नसत, पण बोलले की काठोकाठ.

तिसरा ग्लास आला. साहेबांनी तो तिरका करून कापडावर रंग पाहिला, नाक बुडवलं, घोट घेतला, गुळण्या केल्या, थुंकपात्रात टाकला आणि कच्चं केळं खाल्ल्यासारखं तोंड केलं.

"फार तुरट. गाल आतून आवळले. हट्टी, तुसडी वाइन आहे. हिला कुणी वळणच लावलं नाही." मग लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "रंग चौदा. वास नऊ. चव सात. ठेवण... बांधा बेढब आहे... आठ. वीसपैकी आठ."

धाकटी पुढे सरकली. तिने 'ठेवण' लिहिलं ते किती वर्षं ठेवता येईल, या अर्थाने. साहेबांनी वाचलं ते चेहऱ्याची ठेवण म्हणतो, त्या अर्थाने. पण तोंडातून शब्द फुटायच्या आत त्यांचा फोन वाजला आणि ते अंगणात गेले.

दादा आत घुसले ते थेट कागदावर. बोट फिरवत तिसऱ्या ओळीवर आले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"ठेवण, आठ! अगं, आठ वर्षं टिकणार म्हणतायत की साहेब! बाकीचे आकडे मला कळत नाहीत, पण आठ म्हणजे आठ. जिंकलीस बाई! मामा, नळी काढा."

मामांनी धाकटीकडे पाहिलं. तिने नुसती मान डोलावली असती तर काम झालं असतं. तिने डोळे मिटले, उघडले आणि चिडून म्हणाली, "दादा, ती वर्षं नाहीत. गुण आहेत. वीसपैकी आठ. आपली वाइन नापास झालीय."

दादा खुर्चीत बसले. "मग मला सांगितलंस कशाला?"

"उद्या तुम्हीच चारचौघांत साहेबांचं नाव घेऊन आठ वर्षं सांगाल. हसं तुमचं होईल."

मामा मात्र नळीकडे न जाता फडताळाकडे गेले आणि अर्धी संपलेली एक बाटली घेऊन आले. धाकटीने त्याच वाइनची ही दुसरी नमुन्याची बाटली चार दिवसांपूर्वी उघडून, रोज एक घोट चाखून, पुन्हा बूच लावून ठेवली होती. कमकुवत वाइन हवा लागली की दुसऱ्या दिवशी मान टाकते. ही दिवसागणिक उमलत चालली होती. मामांनी पाचवा ग्लास भरला आणि साहेबांच्या जागेवर ठेवला.

साहेब परतले. ग्लास दिसला की विचारायचं नाही, ही त्यांची शिस्त. घोट घेतला आणि थुंकपात्राकडे वळलेली मान अर्ध्यातच थांबली. घोट गिळला गेला.

"अहाहा! ही कुणाची? केवढा संयम! तुरटपणा आहे, पण कसा, घरातल्या मोठ्या माणसाच्या बोलण्यासारखा. ही अजून आठ-दहा वर्षं सहज जाईल."

"क्रमांक तीनच आहे, साहेब," मामा म्हणाले. "चार दिवस आधी बूच काढून उठवलेली."

साहेबांनी तिसरा ग्लास पुन्हा हुंगला, मग पाचवा, मग पुन्हा तिसरा. नाक काय सांगतंय ते चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. कान लाल झाले. धाकटीला एकदम त्यांची दया आली. पंचवीस वर्षं न खोडता जगणं सोपं नसणार.

"साहेब, चूक माझीच," ती हळूच म्हणाली. "रकान्याचं नाव नीट लिहायला हवं होतं. मला वर्षं म्हणायचं होतं."

साहेबांनी पेन काढलं. खोडलं काहीच नाही. आठच्या पुढे, टपोऱ्या अक्षरात, लिहिलं: 'वर्षे. किमान.'

"मी तेच म्हणत होतो," ते म्हणाले.

"मी तर आधीच वाचलं होतं!" दादा म्हणाले आणि स्वतः जाऊन नळी काढू लागले.

निघताना साहेब दारात घुटमळले. "बाई, यातली एक बाटली माझ्यासाठी ठेवाल?"

"ठेवते ना, साहेब," धाकटी म्हणाली. "आठ वर्षं."