डोंगरामागचा पाऊस

"हिरवं पूर्वेला सरकतंय. लाल तर कुठे नाहीच. निघ तू, चाळीस मिनिटं आहेत," असं आमच्या ह्यांनी फोनवर सांगितलं आणि डोळे पुन्हा पावसाच्या रडारच्या चित्राला चिकटवले.

पलीकडे हुमैद होता, मास्तरणींची गाडी चालवणारा. गाडीत सात जणी, त्यांत आमची लेक शम्सा. शाळा खाली शहरात, घरं वर हैल सिद्रमध्ये, आणि मधला रस्ता वादीच्या, म्हणजे पावसापुरत्या वाहणाऱ्या नदीच्या, कोरड्या पात्रातून पाच वेळा जातो; त्या जागांना आम्ही उतार म्हणतो. मे महिन्यात दुपारी डोंगरावर कधी ढग फुटेल याचा नेम नाही. पाऊस वर पडतो आणि पाणी खाली येतं ते अर्ध्या तासाने, तेही लख्ख उन्हात. मागच्या साली पाण्याचा टँकर वाहून गेला तेव्हा आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

म्हणून गावात कोणीही खलफानला, म्हणजे आमच्या ह्यांना, विचारल्याशिवाय गाडी काढत नाही. तीस वर्षं हा माणूस नगरपालिकेत पाण्याचे मीटर वाचत होता. दारात आला तरी कोणी "बसा" म्हणत नसे. निवृत्त झाले, मुलीने फोनवर पावसाचं रडार लावून दिलं, आणि घरबसल्या मोठेपण आलं. कुणाचा स्लॅब आहे, कुणाची वरात आहे, विचारा खलफानला. चित्र दर पाच मिनिटांनी बदलतं, आणि दर पाच मिनिटांनी ह्यांची मान खाली. मी म्हणायची, "यापेक्षा सवत आणली असती तर बरं होतं, निदान कांदा तरी चिरला असता तिने."

त्या दिवशी हुमैदचा फोन ठेवून दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात माझा फोन वाजला. मौजा होती. डोंगरामागच्या घळीत शेळ्या चारणारी, साठी उलटलेली, माझी लहानपणापासूनची मैत्रीण. तिकडे फोन लागायचा तर एका उंच खडकावर चढावं लागतं.

"जुवैना, अगं खलफानला विचार, इथे धो धो लागलाय. शेळ्या खाली कपारीत शिरल्यात. उतरून आणू, की थांबेल पाच-दहा मिनिटांत?"

"पाऊस? तिकडे?"

"मग काय खोटं बोलतेय? ओढणी पिळतेय मी!"

मी ह्यांना सांगितलं. "अहो शम्साचे बाबा, मौजा म्हणते घळीत पाऊस लागलाय."

"काहीतरीच. हे बघ, तिथे स्वच्छ आहे," ते म्हणाले. मग त्यांचं बोट चित्रावरच थांबलं आणि चेहरा उतरला. रडार आहे किनाऱ्यावर. मध्ये एवढा मोठा डोंगर. त्याच्यामागे ढग खाली उतरला की तो रडारला दिसतच नाही. ही गोष्ट साऱ्या गावाला त्यांनीच सांगितली होती, आणि नेमके तेच विसरले होते. त्या घळीचं पाणी येतं ते थेट शेवटच्या उतारावर, गावाच्या पायथ्याशी. हुमैदची गाडी तिथूनच वर येणार.

"बरं बरं, मग बोलते," मी मौजाला म्हटलं आणि फोन ठेवला.

हुमैदला दहा वेळा लावला. पहिला उतार ओलांडला की मधल्या वाटेवर फोन लागत नाही. ह्यांनी पिकअप काढली. मी तशीच अनवाणी शेजारी बसले.  वाटेत मला शम्साची सकाळची वेणी आठवत होती, अर्धवट घालून पळाली होती पोर.

शेवटचा उतार ठणठणीत कोरडा होता. पात्र साठ पावलांचं. ह्यांनी पिकअप अलीकडे लावली, स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "इथे रेंज आहे. तू चित्र बघत राहा." आणि अंगातली पायघोळ दिशदाशा वर खोचून, या वयात, पात्रातून पळत पलीकडे गेले. ते मध्यावर असताना माझा जीव नुसता मुठीत.

ते पोचले न पोचले तोच वळणावर गाडी दिसली. हे रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे.

हुमैदने काच खाली केली. "काका, तुम्हीच म्हणालात चाळीस मिनिटं! अजून दहा बाकी आहेत. आणि आता मध्येच टोलनाका उघडलात काय?"

"पाणी येतंय. मागे घे गाडी."

"कुठून येतंय? आकाश बघा जरा!"

शम्सा खाली उतरली. "बाबा, अहो, सगळ्या जणी उपाशी आहेत. पलीकडे जायला अर्धं मिनिट लागेल. रडार काय म्हणतंय ते सांगा."

ह्यांनी तिथूनच हाक दिली, "जुवैना! चित्र?"

मी बघितलं. घळीवर एक ठिपका नाही. काय बोलणार? "स्वच्छ!" मी ओरडले.

"ऐकलंत? आता तुमचं रडारही माझ्या बाजूने," हुमैद हसला आणि त्याने गाडी सुरू केली.

तेव्हा आमचे हे गाडीच्या पुढ्यात खाली बसले. तापलेल्या डांबरावर, मांडी घालून. तीस वर्षांत ज्यांनी कुणावर आवाज चढवला नाही, ते ओरडले, "चुकलो मी! सांगितलं ते चुकीचं सांगितलं. माझ्या शब्दावर निघालात ना? मग माझ्याच शब्दावर थांबा. नाहीतर घाल गाडी माझ्या अंगावर."

हुमैदने गाडी बंद केली. रागाने दार आपटलं.

पाच मिनिटं गेली. चित्र बदललं, स्वच्छ. आणखी पाच. स्वच्छ. पलीकडे मास्तरणी कुजबुजायला लागल्या, कोणीतरी फिसकन हसलं. खरं सांगते, माझ्याही मनात आलं, मौजाला राईचा पर्वत करायची सवय आहे. चार थेंब पडले असतील आणि आम्ही गावात हसं करून घेतलं. हे मात्र उठले नाहीत.

आधी वारा आला, चिखलाच्या वासाचा. मग वर कुठेतरी गोटे घरंगळल्याचा आवाज. शम्साने बाबांना खांद्याला धरून ओढलं, हुमैदने गाडी मागे घेतली, आणि पात्राच्या वळणावरून तपकिरी पाणी आलं ते माणसाच्या उंचीने. झाडं, कुंपणाचे खांब, कुणाचीतरी टाकी. पात्र एका श्वासात भरलं. मी पिकअपला टेकले. अल्लाचे आभार मानायला तोंड उघडलं, आणि समोरून एक काळी शेळी गेली, पाय वर करून. तिच्यामागे दुसरी.

मौजाने मला काहीतरी विचारलं होतं.

मी तिचा नंबर लावला. रिंग जात राहिली. पलीकडून शम्सा दोन्ही हात वर करून मला बोटं दाखवत होती, पाच आणि दोन, सातही जणी सुखरूप. मी मान हलवली आणि पुन्हा नंबर लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सापडली, बरीच खाली. हुमैद घळीत जाऊन आला. ज्या खडकावरून ती बोलली, तिथवर पाणी पोचलंच नव्हतं, म्हणाला. तिचा कहव्याचा थर्मास तिथे तसाच उभा होता, कहवा अजून कोमट.

तीन दिवस तिच्या घरी बायका बसायला येत होत्या. जी येई ती माझा हात धरून म्हणे, "तुझ्या खलफानने सात घरं वाचवली गं." मग आवाज खाली जाई. "मौजाचंच नवल वाटतं बाई. जन्म गेला वादीत. शेळ्यांपायी उतरायचं का असं? एवढं कळू नये?"

दोन दिवस मी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी नाही ऐकवलं.

"तिला कळत होतं," मी म्हटलं. "उतरू का म्हणून तिने फोन करून विचारलं होतं. मला विचारलं होतं. माझा जीव माझ्या पोरीत. मी उत्तर न देताच फोन ठेवला."

 मौजाची लेक नुसैबा समोर बसली होती, रडून डोळे सुजलेले. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग खजुरांचं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि पेल्यात कहवा ओतला. मी एक खजूर उचलला, तोंडात ठेवला. तो गिळेपर्यंत ती समोरच बसून होती.