हिवरटेकाडाचं कुंपण

मनकर्णाला पहिला संशय आला तो बंडीभर बोराट्या, बोरीच्या काटेरी फांद्या, पाहून. बंडी सरपंच खुशालराव पाटलाची, बैलजोडी त्याची, आणि काटे म्हणे शाळेला फुकट. ज्या माणसाच्या वावरातून कपाशीच्या पऱ्हाटीची एक मोळी उचलायची तर आधी अर्धा दिवस निंदण करून द्यावं लागे, तो माणूस आपणहून बंडी जुंपून काटे पाठवतो? मनकर्णा डोक्यावरचा गवताचा भारा तसाच धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. बंडी तिच्यासमोरून हिवरटेकाडाकडे वळली. मागून शाळेतली पोरं फावडी, टोपल्या घेऊन ओरडत चालली होती. त्यांत तिची शकुनही होती.

हिवरटेकाड म्हणजे गाव आणि बौद्धपुरा यांच्या मधला सरकारी पडीक तुकडा. चांदूर बाजारकडे जाणारा रस्ता त्याच्या पायथ्यातून जायचा. म्हातारे सांगत, की एकेकाळी तिथे दिवसा जायला भ्यावं असं रान होतं. महायुद्धाच्या काळात कोळशासाठी ठेकेदारानं ते तोडून नेलं. उरली ती बोरी-बाभळीची खुरटी झुडपं, तरवड आणि कुसळ. गावाच्या लेखी ती जागा कुचकामाची. पुऱ्यातल्या बायांचं मात्र तिच्यावाचून पान हलत नव्हतं. गवत तिथलं, इंधन तिथलं, आणि पहाटे टमरेल घेऊन आडोशाला जायचं तेही तिथेच.

गोवर्धन गुरुजी त्या सालीच बदलून आले होते. मूळचे परतवाड्याकडचे, अंगानं सडपातळ, बोलणं मऊ. त्यांनी दर शनिवारी पोरांना टेकाडावर न्यायला सुरुवात केली. पुस्तकातली झाडं पोरांनी हातानं लावावीत, पाखरं डोळ्यांनी पाहावीत, असं त्यांचं म्हणणं. गावातले चार लोकही कुदळी घेऊन आले. चर खोदले गेले, निंब, आवळा, सीताफळ, चारोळीची रोपं लागली, आणि भोवतीनं खुशालरावाच्या बोराट्यांचं कुंपण उभं राहिलं.

संध्याकाळी शकुन चिखलानं माखून घरी आली.

"माय, माह्यं झाड चारोळीचं आहे. गुरुजींनी मले दिलं."

"गुरुजी उतरले कोणाच्या घरी?" मनकर्णानं भाकर थापता थापता विचारलं.

"पाटलाच्या माडीवर."

"हं." तिनं भाकर तव्यावर टाकली. "आन तुमाले इचारते काय थो? पुऱ्यातून कोण येते, कोण गवत कापते, असं काई?"

"नाई वं माय. पाखरायची नावं इचारते."

मनकर्णाचं समाधान झालं नाही. दीक्षेला सहा वर्षं झाली होती. पुऱ्यानं मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तेव्हा याच खुशालरावानं पुऱ्याचा कामधंदा एक हंगामभर बंद ठेवला होता. नदीकडची वाटही त्यानं अशीच एक दिवस काटे टाकून बुजवली होती. तेव्हाही बंडी हीच होती. त्या हंगामात तिनं अंबाडीची भाजी मिठाशिवाय खाल्ली होती. आता जमीन शाळेच्या नावानं घेरायची, पोरांच्या हातून घेरायची, म्हणजे कोणी तोंड उघडायचं नाही. वर्षभरानं त्याच कुंपणात पाटलाचं खळं नाहीतर गोठा. तिला सगळं आरशासारखं दिसत होतं.

कुंपण झाल्यावर पुऱ्यातल्या बायांना पहाटे टेकाडाला वळसा घालून रस्त्याच्या कडेनं जावं लागू लागलं. रस्त्यावर त्याच वेळी बाजारच्या बंड्या निघायच्या. बंडी दिसली की बाया धडपडून उठून उभ्या राहायच्या, तोंड फिरवून. एक दिवस शेजारची म्हातारी जाईबाई कुंपणातूनच शिरायला गेली आणि बोरीचा काटा तिच्या टाचेत मोडला. टाच सुजली, पिकली. म्हातारी आठ दिवस ओसरीवर पाय पसरून कण्हत होती.

"हे कुंपण ढोरायसाठी नाई घातलं," मनकर्णा नवऱ्याला म्हणाली. "आपल्यासाठी घातलं."

देवमन मुळात कमी बोलणारा. त्यानं विडी विझवली आणि उठून बाहेर गेला.

श्रावणातल्या एका सकाळी बाया निघाल्या तर पुऱ्याच्या अंगानं कुंपणाला माणूस जाईल एवढं खिंडार पडलेलं. वाऱ्यानं पडलं असेल, कोणी म्हणालं. बाया मनातून खूश झाल्या. गेल्या, आल्या. मनकर्णाही गेली.

दोन दिवसांनी शकुन शाळेतून रडत घरी आली. टेकाडावरची निम्मी रोपं नाहीशी झाली होती. तिची चारोळीही.

"सरपंच शाळेत आल्ते," ती हुंदके देत म्हणाली. "म्हणे पुऱ्यातल्या लोकायनं उपटले झाडं. आता पुऱ्यातले पोट्टे टेकाडावर न्यायचे नाई म्हणे."

"आन गुरुजी?"

"गुरुजी काईच नाई बोलले."

मनकर्णाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण लगेच तिच्या मनात दुसरंच काही सरकलं. खिंडार दिसलं त्याच्या आदल्या संध्याकाळी देवमन उशिरा घरी आला होता. न्हाणीवर त्यानं बराच वेळ हात धुतले होते. रात्री जेवताना त्याच्या दोन्ही हातांवर ओरखडे होते, कोपरापर्यंत. तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, बैलाचा कासरा घासला. कासरा असा घासतो? तिनं कोनाड्यातला त्याचा सदरा काढून पाहिला. बाहीला बोरीचा काटा तसाच अडकलेला होता.

ती दारातच बसून राहिली. ज्या संशयाचं बोट ती सरपंचाकडे रोखून होती ते आता घराकडे वळलं होतं. देवमन वावरातून आला तसा तिनं सदरा त्याच्यापुढे टाकला.

"पोरीचं झाड तोडलं तुमी?"

देवमन चमकला. "येडी झाली काय वं? म्या झाडाले हात नाई लावला."

"मंग हे काटे?"

त्यानं सदरा उचलून बाहीतला काटा काढला. "वाट केली," शेवटी म्हणाला. "जाईबाईचा पाय पाह्यला म्या. तू रोज रस्त्यावरून वापस येत होती तोंड लपवत, थे बी पाह्यलं. दोन बोराट्या सैल करून बाजूले सरकवून ठेवल्या. बाया गेल्यावर पुन्हा लावता येतीन, अशा."

"मंग सांगतलं कावून नाई?"

"तुले सांगतलं असतं तं साऱ्या पुऱ्याले समजलं असतं. अन् पुऱ्याले समजलं तं पाटलाले समजलं असतं."

मनकर्णाला राग आला आणि तो तिच्या स्वतःवरच उलटला. हा मुका माणूस तिच्या पहाटेच्या लाजेवर उपाय शोधत होता, आणि तिनं त्याला काय समजलं! मग तिच्या ध्यानात आलं, की बोराट्या परत लावायच्या हे बायांना कोण सांगणार होतं? खिंडार उघडंच राहिलं होतं. त्यातून ती स्वतः दोन दिवस गेली होती.

दुसऱ्या दिवशी चावडीसमोर माणसं जमली. गुरुजी होते, सरपंच होता, पुऱ्यातूनही दहा-बारा जण आले होते. बाया मागे भिंतीला टेकून उभ्या.

"म्या बंडीभर काटे देले," खुशालराव म्हणाला. "गावच्या पोट्ट्यायसाठी देले. अन् यायले पाहवलं नाई. खिंडार कोणत्या अंगानं आहे, पाहा. पुऱ्याच्या!"

गोवर्धन गुरुजी उठले. त्यांच्या हातात एक मोडकं रोप होतं.

"सरपंच, मी आज सकाळी पुन्हा पाहून आलो. रोपं उपटलेली नाहीत, खाल्लेली आहेत. शेंडे चघळलेले आहेत, चरात खुरांचे ठसे आहेत. काल शाळेत मला हे ठाऊक नव्हतं, तरी मी गप्प बसलो, ते चुकलं." त्यांनी रोप खाली ठेवलं. "पण काटा मात्र कोणीतरी हातानं काढलाय, हेही खरं आहे."

खुशालरावाला तेवढंच पुरलं. "तेच तं म्हणून राहिलो! काढला कोणं?"

देवमन उठायला लागला. मनकर्णाला वाटलं, हा उठला की ठाण्यापर्यंत जाईल गोष्ट. तिनं पदर खोचला आणि ती भिंतीपासून पुढे आली. चावडीपुढे पुऱ्यातली बाई असं बोलायला उभी राहिल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"काटा माह्या घरच्या माणसानं काढला," ती म्हणाली. "माह्यासाठी काढला. साऱ्या बायायसाठी काढला. टेकाड घेरलं तुमी. आमी जाचं कुठं?"

"कुठं म्हंजे?" खुशालराव ओरडला.

"पाटील, तुमच्या वाड्याच्या मागे भिंत आहे. आमच्या मागे टेकाड आहे. पहाटं बाई उठून टमरेल घेऊन कुठं जाते, थे मी इथं आणखी उघडं करून सांगू काय?"

माणसांनी माना खाली घातल्या. कोणी खाकरलं. मागे बायांमध्ये जाईबाईच्या तोंडून मोठ्यानं "खरं आहे, बाप्पा!" निघालं. गुरुजींचा चेहरा कानापर्यंत तांबडा झाला.

"आन ढोरं कोणाचे घुसले?" मनकर्णा थांबायला तयार नव्हती. "पुऱ्यात चार बकऱ्या आहेत. खुराचे ठसे मोठे आहेत, का बकरीचे, गुरुजी?"

"मोठे आहेत. गायीबैलांचे," गुरुजी खाली पाहत म्हणाले.

त्या वाटेनं रोज गायीबैलांचा एकच कळप जायचा, पाटलाचा. हे जमलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून कोणी ते बोललं नाही. खुशालरावानं उपरणं झटकलं, "ढोरक्याले पाहतो म्या," एवढं म्हणाला आणि चालू लागला.

त्या संध्याकाळी गुरुजी पुऱ्यात आले. ओसरीवर बसले, देवमननं दिलेला चहा प्याले.

"बाई, मला हे सुचायला हवं होतं. मी झाडांचा विचार केला, माणसांचा नाही."

"तुमचं काय जाते यात, गुरुजी?" मनकर्णानं सरळ विचारलं. "तुमी उद्या बदलून जासान. मंग कशाले मरता टेकाडासाठी?"

गुरुजी हसले नाहीत. "माझ्या लहानपणी मेळघाटच्या वाटेवर आम्ही चारोळ्या खात शाळेत जायचो. इथल्या पोरांना मी विचारलं, चारोळीचं झाड पाहिलं का? एकानंही पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं. दुसरं काही नाही."

मनकर्णानं ऐकून घेतलं. खरं वाटलं, आणि वाटलंही नाही. पाटलाच्या माडीवर राहणारा माणूस असं बोलतो, म्हणजे एकतर तो फार साधा, नाहीतर फार पक्का.

पुढच्या शनिवारी कुंपण बदललं. पुऱ्याच्या अंगाचा तरवडाचा उतार बायांसाठी बाहेर ठेवला आणि हद्दीवर खुणेचे दगड पुरले. गवत सगळ्यांनी विळ्यानं कापायचं, ढोर आत सोडायचं नाही, असं ठरलं. पुऱ्यातली पोरं पुन्हा टेकाडावर आली. शकुननं नवी चारोळी लावली. मनकर्णाही गेली. कामाला नाही, पाहायला. एका दगडावर बसून ती खुशालरावाच्या माणसांकडे आणि गुरुजींकडे सारखंच बघत राहिली. पोरांना तिची सवय झाली. रोपाला आळं करताना कोणी चुकलं की तिला बसवेना, ती उठून फावडं हातातून घ्यायची.

हिवाळ्यात अमरावतीहून शिक्षणखात्याचे साहेब पाहणीला आले. पोरांनी त्यांना निंब, आवळा, सुगरणीची घरटी दाखवली. खुशालराव नवं धोतर नेसून सर्वांच्या पुढे उभा होता. साहेबांनी भाषणात त्याचं नाव दोनदा घेतलं, झेंडूचा हार त्याच्या गळ्यात घातला. त्याचा चेहरा असा फुलला, की मनकर्णा चकित झाली.

"एवढ्यासाठीच देले काय काटे यानं?" ती देवमनच्या कानाशी लागली. "हारासाठी?"

"असंन," देवमन म्हणाला.

"नाई. काई तरी आहे याच्या पोटात."

"अवं, सोड आता."

तिनं सोडलं नाही. दोन वर्षांनी गुरुजींची बदली झाली. तोवर टेकाडाच्या उताराला पोरांच्या खांद्याएवढं रान उठलं होतं आणि चांदूर बाजारच्या शाळेची पोरं सहलीला येऊ लागली होती. निरोपाच्या दिवशी गुरुजी पुऱ्यात आले तेव्हा मनकर्णानं त्यांच्या पिशवीत ज्वारीची धिरडी बांधून दिली. त्यांच्यावरचा तिचा संशय कधी गेला, तिलाच नेमकं आठवत नव्हतं. खुशालरावावरचा मात्र गेला नाही. त्यानं ना खळं केलं, ना गोठा बांधला. तरीही दर शनिवारी पोरं टेकाडावर चढली, की मनकर्णा हातातलं काम टाकून कुंपणाभोवती एक फेरी मारून यायची. खुणेचे दगड जिथल्या तिथे आहेत का, हे एकदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे.