रोलरखालचं बोट

चंद्रशेखरचा हात पोलिओनं वाळलेला होता आणि त्याच हातानं त्यानं इंग्लंडला इंग्लंडात हरवलं. लेगस्पिनर बोटांनी नव्हे, काळजानं घडतो, असं पर्सोनेलचे डोणगावकर साहेब गंभीरपणे सांगत होते. तेव्हा सोनाजीच्या उजव्या हाताला टाके पडत होते. करंगळीशेजारचं बोट दोन पेरांनी कमी झालं होतं. लेगस्पिनचा चेंडू वळतो तो याच बोटावर. ते पत्र्याच्या भंगारात गेलं होतं.

सोनाजी वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेसवर होता, कंत्राटी. रविवारी कंपनीच्या संघात होता, तिथं मात्र कायम. मेंढ्यांमागं गोफण फिरवून याचं मनगट तयार झालं, असं साहेब दर बक्षीस समारंभात सांगत. पैठणकडच्या त्याच्या घरातल्या मेंढ्या आजोबांनीच विकल्या होत्या. तो शिकला टीव्हीवर वॉर्नला बघून, गावातल्या पिठाच्या गिरणीत, दळणाला नंबर लावून. पण भाषणात गिरणी शोभत नाही.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ती खाली येत नाही, म्हणजे हात आत राहण्याचा प्रश्नच नाही. अशी पाटीच होती. मात्र तसं काम केलं तर टार्गेट निघत नाही, म्हणून सगळेच एका बटणात वॉशर ठोकून ते दाबलेलं ठेवत. वॉशर सुपरवायझर पुंजारामच पुरवायचा. सोनाजीची चूक त्यावर आणखी एक. तो उजव्या हातात मोजा घालत नसे. मोज्यात घामानं कातडी मऊ पडते आणि रविवारी चेंडू सोडताना बोट फाटतं. वॉर्नसारखा चेंडू वळवायचा तर बोट राठ हवं, एवढं एकच व्रत तो पाळायचा. मोज्यानं प्रेस थांबली नसती. पण त्याच्यावर ठपका ठेवायला अहवालात ‘मोजा नव्हता’ एवढं लिहिलेलं पुरलं असतं.

तेच साहेबांनी समजावलं.

“अपघात लिहिला की चौकशी आली. वॉशर तुझ्या मशीनला, मोजा तुझ्या हातात नाही. कंत्राटदार उद्या तुला गेटच्या आत घेणार नाही. त्यापेक्षा मैदानावर रोलर ओढताना बोट सापडलं म्हण. खेळाडूचा मान राहील. आणि रविवारी फायनल खेळ, म्हणजे कुणी विचारणार नाही. पर्मनंटचं मी बघतो.”

“साहेब, बॉल धरू कसा?”

“कुंबळे जबडा बांधून टाकत होता, याच वर्षी. बघितलंस ना?”

बघितलं होतं. सगळ्या बजाजनगरनं बघितलं होतं. बॉल जबड्यानं टाकत नाहीत, असं सोनाजीच्या ओठावर आलं होतं. पण पर्मनंट हा शब्द आठ वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्याच्यासमोर उच्चारला होता. उजव्या हातानं सही जमेना, म्हणून बारावी पास सोनाजीनं रोलरच्या जबाबावर डावा अंगठा उठवला.

बजाजनगरच्या खोलीवर आशाबाईनं भाकर चुरून ताट पुढं केलं. नवऱ्याचं बोट कुठं गेलं ते तिला पुंजारामच्या बायकोकडून आधीच कळलं होतं. रोलरची गोष्ट तिला नवऱ्याकडून कळली. ती ऐकून घेऊन म्हणाली, “पाय गेला असता तं फुटबॉल खेळा म्हणले असते का?”

“खरं लिवलं तं काम जातं.”

“आन् खोटं लिवल्यावर?”

“पर्मनंट करतो म्हणले.”

“कागदावर?”

“तोंडी.”

आशाबाईनं भाकरीवर आणखी कालवण ओतलं. संध्याकाळी तो खोलीमागच्या भिंतीवर चेंडू टाकत राहिला. चेंडू सरळ जाई. दर वेळी तो हात बघे, जणू चूक पट्टीची आहे. ती दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, “ऱ्हाऊ द्या आता, रगत येऊ लागलं.”

रविवारी पांढरे कपडे घालून संघ मैदानात हजर झाला. बांधलेल्या हातानं गोलंदाजी चालत नाही, असं अंपायरनं नियमाला धरून सांगितलं. सोनाजीनं पट्टी सोडून खिशात ठेवली. डोणगावकर साहेबांनी सगळ्यांना गोळा करून चंद्रशेखर, कुंबळे आणि सोनाजी अशा क्रमानं परंपरा सांगितली. टाळ्या झाल्या. सोनाजीनं हात वर धरला होता. खाली सोडला की ठणकत होता.

समोरचा संघ काही येईना. उन्हं चढली. मग त्यांचा एक माणूस मोटारसायकलवर आला आणि त्यानं उतरायच्या आधीच सांगितलं, की त्यांच्या कंपनीला काल टाळं लागलं, पोरं गेटवर बसलीत. आयोजकांनी आपसात बोलून सोनाजीच्या संघाला विजेता ठरवलं. कप आणलेलाच होता. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. फोटोत सोनाजी कडेला उभा राहिला, हात पाठीमागं धरून.

साहेब गाडीत बसताना त्यानं त्यांना गाठलं.

“साहेब, त्ये पर्मनंटचं…”

“बघू.” साहेबांनी काच अर्धी वर घेतली. “मॅच झाली कुठं, सोनाजी?”

सोमवारी पहिल्या पाळीला कंत्राटदाराच्या माणसानं त्याला गेटवरच थांबवलं. आत त्याच्या प्रेसवर कडूबा नावाचा नवा माणूस उभा केला होता. त्याला क्रिकेट येत नव्हतं.