तोंड जुनं, कंबर नवी

होशिमी कंपनीच्या पंचावन्न मिलिमीटरच्या लेन्सबद्दल माझ्याशी कोणी वाद घालू नये, अशी पाटी मी दुकानाच्या दारावर लावणार होतो. फुसाएने लावू दिली नाही. "आहेत ती चार गिऱ्हाइकंही पळतील," म्हणाली. फुसाए माझी बायको. ओसाकाच्या उमेदा स्टेशनसमोरच्या इमारतीच्या तळघरात आमचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. गल्ला ती बघते, लेन्स मी बघतो, आणि माझ्या तोंडावर लक्षही तीच ठेवते.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. या लेन्सची फोकसची रिंग, म्हणजे बोटांनी फिरवतात ती, आधी नुसत्या धातूची यायची. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या वसंतात कंपनीने तिच्यावर रबर चढवलं. त्याआधी रबर नाही. विषय संपला. एखाद्या जुन्या लेन्सवर रबर दिसलंच, तर ती नंतर कधीतरी कंपनीच्या दुरुस्तीखात्यात जाऊन आलेली असते. तिथे रिंग झिजली की वर नवं रबर बसवून द्यायचे.

कोबेच्या तोरिगोएला हे पटत नाही. तो म्हणतो, सत्तर-एकाहत्तरमध्येच कंपनीने थोड्या रबरी लेन्स आमच्या कान्साई भागातल्या दुकानांत ठेवून बघितल्या होत्या. 'आधीचं रबर' असं नावही ठेवलंय त्याने. एका प्रदर्शनात तशी लेन्स त्याच्या हातात आली होती म्हणे, आणि हा चहा प्यायला गेला तेवढ्यात दुसऱ्याने ती उचलली. त्या चहावरून मी आमच्या संग्राहक मंडळाच्या पत्रकात त्याला वर्षानुवर्षं इतका धुतलाय की शेवटी आमचं बोलणं बंद झालं. त्याआधी आम्ही दोघं रविवारी गळ टाकून बसायचो. असो.

गेल्या महिन्यात, पितरांचे दिवस नुकतेच सरले होते, तेव्हा एक बाई दुकानात आल्या. साठीच्या असतील. आडनाव कितादे, वाकायामाच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याशा गावच्या. त्यांनी हातरुमालाची घडी उलगडून एक फोटो काउंटरवर ठेवला.

"मला काही विकायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "या माणसाच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याची लेन्स कधीची आहे, तेवढं सांगाल?"

"कोण हे?"

"माझे वडील. मी नऊ वर्षांची असताना समुद्रात गेले, एकाहत्तरच्या ऑगस्टमध्ये. कॅमेरा घेऊन होडीतून फोटो काढायला गेले होते. होडी रिकामी परत आली, ते सापडलेच नाहीत." बाई अगदी शांतपणे सांगत होत्या. "यंदा आई गेली. घरातल्या देव्हाऱ्यात वडिलांच्या नावाची पाटी आहे, तिच्यामागे हा फोटो निघाला. मी कधी पाहिलाच नव्हता. आमच्या गावचा फोटोवाला म्हणाला, हे रबर नंतरचं आहे, तुमचे वडील गेल्यानंतरचं. पण त्याला खात्री नाही. खात्रीने सांगतील तर कादोवाकी-सानच, म्हणजे तुम्हीच, असं म्हणाला."

"म्हणजे तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"त्या दिवशी ते गेले की नाही गेले, ते हवंय."

फुसाएने गार चहा आणून ठेवला आणि जायचं सोडून तिथेच रेंगाळली.

मी भिंग लावून बघायला लागलो आणि माझं डोकं चक्रावलं. फोटो काळा-पांढरा, मागे कोरी भिंत, कपडे कोणत्याही सालचे. कॅमेरा असा की कंपनी तो वर्षानुवर्षं तसाच काढत राहिली. लेन्स मात्र स्पष्ट आली होती. समोरच्या कड्यावर कंपनीचं नाव पूर्ण, मोठ्या अक्षरांत. तशी अक्षरं बहात्तरला बंद झाली. आणि मागे रिंगवर चौकटी-चौकटींचं रबर, चौऱ्याहत्तरचं. तोंड जुनं, कंबर नवी. आधी तोंड बघितलं की वाटायचं वडील त्या दिवशी गेले. कंबर बघितली की वाटायचं, छे, हा माणूस तीन वर्षांनी भिंतीला टेकून मजेत उभा आहे. मी फोटो उलटा केला, तिरका केला, दिव्याखाली धरला. तोच घोळ.

घोळ म्हणजे बाईंसाठी. मला उत्तर माहीत होतं. जुन्या लेन्सवर दुरुस्तीखात्याने नंतर रबर बसवलेलं, दुसरं काय? म्हणजे चौऱ्याहत्तरच्या नंतर हा माणूस जिवंत होता. आणि त्याच्या बायकोकडे हा फोटो होता, म्हणजे तिलाही ते ठाऊक होतं. आयुष्यभर मी हेच सांगत आलोय, तेच सांगायचं होतं.

मी मान वर केली. बाई पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. ओसाकात असे पुरुष मी काय कमी बघितलेत? एक दिवस घरातून उठतात आणि नाहीसे होतात, मग दुसऱ्या नावाने कुठेतरी मजुरी करतात. या बाईने इतकी वर्षं बापासाठी उदबत्ती लावली, आणि आता मी सांगू, की तो मेला नव्हता, तुम्हाला टाकून गेला होता, नि आईने ते लपवलं? माझी जीभ रेटेना.

"ही लेन्स आधीची आहे," मी म्हणालो.

मागे फुसाएच्या हातून ट्रे आपटला.

"आधीची म्हणजे?"

"प्रयोग म्हणून कंपनीने थोड्या लेन्सवर रबर आधीच चढवलं होतं. सत्तर-एकाहत्तरमध्ये. कान्साईतच विकल्या, म्हणून कोणाला माहीत नाही." शब्द न् शब्द तोरिगोएचा. माझ्या तोंडून ते ऐकताना माझेच कान गरम झाले. "कोबेला तोरिगोए म्हणून आहेत, त्यांचा यावर अभ्यास आहे. त्यांना विचारा, तेही हेच सांगतील. फोटो एकाहत्तरचा किंवा त्याच्या आधीचा. तुमचे वडील तुम्हाला सोडून गेले नाहीत हो."

मला वाटलं बाई डोळे पुसतील, हसतील. त्या फोटोकडे बघत राहिल्या.

"म्हणजे माझ्याच फोटोसाठी गेले," त्या म्हणाल्या.

"तुमच्या?"

"सुट्टीचा गृहपाठ होता. शाळा उघडायला आली होती आणि माझी वही कोरी. मी म्हटलं, बेटावरच्या दीपस्तंभाचा समुद्रातून काढलेला फोटो चिकटवते, शाळेतल्या बाई खूश होतील. वडील म्हणाले, वादळ येतंय, नको. मी रुसले, जेवले नाही. मग गेले." त्यांनी फोटो हातरुमालात ठेवला. "हा सापडला तेव्हा वाटलं, नसतील गेले. कुठेतरी दुसरा संसार केला असेल, म्हातारे झाले असतील. असंच झालेलं असू दे, अशी देवाकडे प्रार्थना करत इथपर्यंत आले."

मी एकदम बोलायला लागलो ते थांबेना. आधीचं रबर-बिबर काही नसतं, ते तोरिगोएचं खूळ आहे, मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं बोललो. कपाटातून लेन्स काढल्या, कंपनीची जुनी माहितीपत्रकं काढली, काउंटर भरून टाकला. हे बघा तोंड, हे बघा रबर, हे बघा साल. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग कमरेत वाकून नमस्कार केला.

"कादोवाकी-सान, तुम्ही फार चांगले आहात," त्या म्हणाल्या. "पण मघाशी याच भिंगातून बघून तुम्ही दुसरं सांगितलंत. आणि तेव्हा तुम्हाला माझ्या गृहपाठाचं माहीत नव्हतं."

त्या गेल्या. मी खुर्चीत बसलो. काय झालं तेच कळेना. खोटं बोललो तर ते खरं ठरलं, खरं बोललो तर ती दया ठरली.

"जन्मात एकदा दुसऱ्याचं म्हणणं मान्य केलंत," फुसाए म्हणाली, "त्यासाठी आजचाच दिवस सापडला तुम्हाला."

"अगं, मला वाटलं तिला..."

"वाटलं. विचारलंत का?"

तेवढ्यात मला आठवलं, की तोरिगोएचं नाव मीच दिलंय. ती बाई कोबेला जाणार, आणि तो बाबा आनंदाने नाचत सांगणार, हो हो, आधीचं रबर होतं. मी लगेच फोन लावला. "कादोवाकी बोलतोय," म्हटलं आणि खट्कन फोन बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. दोन दिवस हेच. शेवटी फुसाएने लावून बघितला. तोरिगोएची सून म्हणाली, मामंजी बैठकीच्या खोलीत आहेत, वाकायामाहून कोणी बाई आल्यात. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाला त्याचीच लेन्स परत विकायला काढली होती, असं फुसाए सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोरिगोए स्वतः दारात. हातात वाफवलेल्या बनांचा डबा. केस सगळे गेलेले. मला वाईट वाटलं, कारण भांडलो तेव्हा ते होते.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" हे त्याचं पहिलं वाक्य.

"तू तिला काय सांगितलंस?"

"आधी बसायला तरी सांग, लेका." तो बसला. डबा फुसाएकडे दिला. "बाई म्हणाल्या, कादोवाकी-सान म्हणतात की आधीचं रबर होतं. मी किती वर्षं या वाक्याची वाट बघतोय, तुला माहितेय. उठून नाचणारच होतो. मग डोक्यात आलं, कादोवाकी माझ्या बाजूने बोलतोय म्हणजे नक्कीच थाप मारतोय. का मारेल? बाईंना बरं वाटावं म्हणून. पण बाईंना तर काही बरं वाटलेलं दिसेना. तेव्हा मी विचारलं, तुम्हाला यातलं काय झालेलं हवंय?"

दुकानाच्या मागच्या पडद्याआडून फुसाएने माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही.

"मग?"

"मग माझे स्वतःचे जुने लेख तिच्यापुढे टाकले. म्हटलं, बाई, हे सगळं मी रचलंय. हातची लेन्स गेली त्याची लाज वाटली, म्हणून तिच्याभोवती गोष्ट विणली. कादोवाकीने मलाच सांभाळून घ्यायला तुम्हाला तसं सांगितलं. रबर चौऱ्याहत्तरच्या आधी नव्हतं, तुमचे वडील होडीतून उतरून दुसरीकडे निघून गेले."

"विश्वास बसला?"

"बसला. बापाला अशा शिव्या घातल्या, की माझी सून दार लावून घेऊन आत गेली. नालायक म्हणाल्या, निर्लज्ज म्हणाल्या, आईला किती राबवलंस म्हणाल्या. बोलता बोलता हसत होत्या, रडत होत्या. आणि जेवल्या रे. दोनदा भात मागून घेतला."

मला एकदम हलकं वाटलं. आणि खरं सांगतो, जरा फुशारकीही वाटली. शेवटी माझंच म्हणणं कामाला आलं होतं.

"आता पुढच्या पत्रकात मी तसं छापतोय," तोरिगोए म्हणाला. "तोरिगोए चुकला, कादोवाकी बरोबर. बाईंनी पत्रक घरी सुरू करून घेतलंय. त्यात वेगळं काही दिसून चालणार नाही."

"बरं झालं. मी कधीपासून सांगतोय, असं रबर नव्हतंच."

त्याने माझ्याकडे रोखून बघितलं. मग कोटाच्या खिशातून एक पुडी काढून काउंटरवर ठेवली. आत पंचावन्नची होशिमी. मोठ्या अक्षरांचं जुनं तोंड, आणि मागे रबर. फोटोतल्यासारखीच.

"हिमेजीच्या जुन्या बाजारात मिळाली, या उन्हाळ्यात. मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर तुझ्या नाकाखाली धरणार होतो आणि तुझ्याच हाताने रबर उचलायला लावणार होतो. म्हणून मी अजून खाली बघितलेलं नाही."

रबराखाली काय बघायचं, ते आम्हा दोघांनाच नीट ठाऊक. दुरुस्तीखात्याने बसवलेलं रबर असेल तर खाली जुन्या धातूच्या रिंगच्या खाचा असणार. कारखान्यातूनच तसं आलं असेल, तर खाली सपाट. खाचा निघाल्या तर मी बरोबर. सपाट निघालं, तर तोरिगोए बरोबर. आणि मग ती पोर रुसून बसली म्हणूनच तो माणूस त्या दिवशी समुद्रात गेला असेल.

मी लेन्स हातात घेतली. दिव्याखाली धरली. रबर घट्ट, कडा सरळ, कुठे डिंकाचा मागमूस नाही. दुरुस्तीखात्याचं काम इतकं साफ मी कधी बघितलेलं नाही, हे मला सांगायलाच हवं. नख रबराच्या कडेखाली घातलं. कड जराशी उचलली गेली. तोरिगोएने तोंड फिरवून शोकेसकडे केलं होतं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

मी नख काढून घेतलं. कड बोटाने दाबून परत बसवली.

"बघितलंस?" त्याने न वळता विचारलं.

"त्यात काय बघायचंय," मी म्हणालो. "आधीचं रबर नसतं. मी कधीपासून सांगतोय."

"हो," तो म्हणाला. "तुझंच बरोबर होतं."

इतकी वर्षं याच वाक्यासाठी भांडलो होतो. ते मिळालं, आणि मला त्याच्यासमोर रडू आवरेना.