गाढव वाजवणारी तिसरी

पौर्णिमा मॅडमच्या तिसरीच्या वर्गात बोलायला कुणी कमी नव्हतं. मधल्या सुट्टीत पोट्ट्यांचा असा कालवा चालायचा की अकोटच्या एसटी स्टँडपर्यंत जावा. पण पुस्तक उघडून "वाच" म्हटलं, की सगळ्यांच्या जिभा टाळूला चिकटायच्या. करिश्मा तर पेन्सिल शोधायला म्हणून बाकाखाली जायची, ती वाचन संपल्यावरच वर यायची. पहिलीपासून ती मॅडमच्याच हाताखाली होती, पण तिचं वाचन त्यांनी अजून एकदाही ऐकलं नव्हतं.

दिवाळीनंतर शाळेला कुठल्याशा संस्थेकडून भलामोठा टच टीव्ही मिळाला. त्यात वाचनाचा एक प्रोग्राम होता. पडद्यावर वाक्य यायचं, मुलानं ते माईकसमोर वाचायचं. बरोबर वाचलं तर गोड आवाजाची एक बाई "शाब्बास" म्हणायची, चुकलं तर गाढव ओरडायचं. तेही कसं, तर मान वर करून, सगळे दात दाखवून, खिडक्यांची तावदानं थरथरतील असं.

पहिल्या दिवशी मॅडमनी अंकुरला उभं केलं. वाक्य होतं, 'गाय शाळेसमोर उभी आहे.'

"गाय शायेसमोर उभी आहे," अंकुरनं वाचलं.

गाढव ओरडलं. वर्ग हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडला. रडावं की हसावं, याचा अंकुरनं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मॅडम, अजून एकडाव वाचू?"

आठवडाभरात माईकसमोर रांग लागायला लागली. शाब्बासकी कुणालाच नको होती. बाई "शाब्बास" म्हणाली की वाचणारा खालमानेनं जागेवर जायचा आणि बाकीचे "जाऊ दे रे, होते असं" म्हणून त्याची समजूत घालायचे. मॅडमनी गाढव बंद करायचं बटण शोधून पाहिलं, ते काही सापडलं नाही. शेवटी त्या कपाळाला हात लावून बसल्या.

बसल्या म्हणून त्यांचं नीट लक्ष गेलं. उगाच अद्वातद्वा वाचलं तर मशीन गाढव सोडत नसे. "मला नीट ऐकू आलं नाही," एवढंच बाई म्हणायची. बाकी सगळं वाक्य चोख वाचून एकच शब्द चुकवला, तरच गाढव. पोरांना हे केव्हाच कळलं होतं. ती मधल्या सुट्टीत डोकी जुळवून पुढचा धडा वाचायची आणि कुठला शब्द चुकवायचा, यावर भांडायची. करिश्मा बाकाखालून कधी बाहेर आली, हे मॅडमना कळलंसुद्धा नाही. आता तिला रांगेतून मागे ओढावं लागत होतं. मॅडमनी बटण शोधणं सोडून दिलं.

मग एक दिवस केंद्रप्रमुख कमलाकांत सर आले. टीव्हीचा अहवाल त्यांच्या मोबाइलवर जात असे.

"मॅडम, अख्खा वर्ग प्रत्येक वाक्यात चुकतो, हे कसं काय?" वर्गासमोर ते नेहमी पुस्तकी मराठी बोलत. "मुलांना आदर्श वाचन ऐकवत नाही का तुम्ही? थांबा, मी ऐकवतो."

पडद्यावर आलं, 'आजोबांनी डोळे मिटून गाणे म्हटले.' सरांनी घसा साफ केला, सदरा नीट केला आणि वाचलं. ते मूळचे वऱ्हाडातल्याच वलगावचे. पुस्तकी मराठीतून एक 'डोये' निसटलाच.

गाढव ओरडलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

"माईक खराब हाय," सर म्हणाले आणि पुन्हा वाचलं. पुन्हा गाढव. तिसऱ्यांदा ओरडलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. "हे मलेच काहून ओरडून राहिलं?"

करिश्मा उठली. "सर, जीभ मांगं मुडपा अन् टाळूले लावा. डोळे. पाहा, अशी." तिनं तोंड उघडून दाखवलं. सर वाकले, त्यांनी आत पाहिलं, मग स्वतःची जीभ मुडपली. "डोळे," ते हळूच म्हणाले आणि माईककडे वळले. या खेपेला बाई "शाब्बास" म्हणाली.

"जाऊ द्या सर," अंकुर म्हणाला. "होते असं."

सरांनी पिशवीतून एक नवंकोरं गोष्टीचं पुस्तक काढलं आणि करिश्मापुढे धरलं. तिनं पान खणखणीत आवाजात वाचलं. दर वाक्याला नेमका एक शब्द चुकवून ती थांबायची आणि पुस्तकाकडे आशेनं पाहायची. पान संपल्यावर तिनं पुस्तक उलटंपालटं केलं.

"याच्यात गाढव नाही काय?"

"नाही. सगळं बरोबर वाच," मॅडम म्हणाल्या.

तिनं सगळं बरोबर वाचलं. मग सरांनी दार लोटून घेतलं आणि मॅडमना विचारलं, "मुद्दाम वाजवायचं असलं, तर कसं वाजवतात?" त्यानंतर त्यांची पुढच्या शाळेची भेट राहून गेली. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'वाचन उत्तम. गाढव चालू ठेवावे.'

पुढच्या महिन्यात करिश्माची आजी पार्बताबाई शाळेत आली.

"मॅडम, हे पोट्टी मले रोज पेपर वाचून दाखवते. अन् मधातच थांबून माह्याकडे पाहत राह्यते."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करतो बाप्पा," पार्बताबाई इकडेतिकडे पाहत म्हणाली. "ओरडतो. नाही ओरडलो तं म्होरं वाचतच नाही ते."