पुटपुट्यांचा वचक

पुटपुट्यांना भीती वाटत नसे अशी वेळ दिवसातून एकच, गाढ झोपेची. आणि तीही स्वप्न पडलं नाही तर. एरवी ते लिफ्टला भीत, फोनच्या घंटीला भीत, वरच्या मजल्यावरच्या मोठ्या बाईंना भीत. पण गेले दोन महिने या सगळ्या भीत्या त्यांना किरकोळ वाटू लागल्या होत्या, कारण कंपनीने त्यांना नऊ माणसांचं साहेब केलं होतं.

पुटपुटे हे त्यांचं आडनाव नव्हे. एकोणीस वर्षं ते टपालाच्या टेबलाशी बसून पाकिटांशी, चहाच्या कपाशी आणि स्वतःशी पुटपुटत आले, म्हणून हे नाव पडलं. कंपनी चार इस्पितळांच्या चादरी धुऊन देत असे. खालच्या धुलाईघराचे साहेब निवृत्त झाले तेव्हा ज्येष्ठतेच्या यादीत पुढचं नाव पुटपुट्यांचं निघालं. यादीला माणसाचा आवाज ऐकू येत नाही. मोठ्या बाईंनी त्यांना तीन महिन्यांच्या चाचणीवर खाली पाठवलं आणि टपाल विभाग त्याच आठवड्यात बंद करून टाकला, म्हणजे परतीची वाट उरली नाही.

पहिल्या दिवशी पुटपुटे यंत्रवाल्या काकांना म्हणाले, "ते जरा सुरू करता का, म्हणजे जमत असेल तर..."

"जमतंय का बघतो हं," काका म्हणाले, आणि नऊच्या नऊजण हसले. त्या रात्री पुटपुटे जेवले नाहीत.

मग बाईंनी त्यांना प्रभावी होण्यासाठी तीन दिवसांच्या शिबिराला धाडलं. तिथे टाय लावलेल्या एका तरुणाने त्यांना शिकवलं, की आवाज पोटातून काढा. सांगायचं ते एकदाच सांगा. सांगून झालं की मनात सात अंक मोजा आणि समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधोमध बघत राहा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे माणसांना सांगून टाका, माझ्याकडे अडचणी आणू नका, उपाय आणा.

पुटपुट्यांनी आरशासमोर सराव केला. मग बायकोवर केला.

"पाणी," ते पोटातून म्हणाले आणि तिच्या भुवयांच्या मधे बघत बसले.

"अहो, माझी टिकली वाकडी झालीय का?"

"चार... पाच..."

"मोजताय काय? दूध उतू जातंय तिकडे! पाणी माठात आहे, पाय तुमच्याकडे आहेत."

घरी उपयोग झाला नाही, पण धुलाईघरात झाला. सोमवारी पुटपुटे दारात उभे राहून पोटातून "कामाला लागा" एवढंच म्हणाले आणि सात मोजू लागले. तीनवर हसणं थांबलं. पाचवर कुणाचीतरी बादली आडवी झाली. सातवर सगळे कामाला लागले होते. पुटपुट्यांचे गुडघे आतून लटलटत होते, पण शिबिरात सांगितल्याप्रमाणे विजार ढगळ शिवलेली असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

पंधरा दिवसांत त्यांचा असा वचक बसला की ते आले की माणसं श्वास बेताने घेत. त्यांच्या स्वतःच्या पोटातला गोळा काही गेला नाही. फक्त आता तो दहाजणांत वाटला गेला होता.

आता वचक बसवला की हुकूम सोडावे लागतात, नाहीतर वचक शिळा होतो. पुटपुट्यांनी पहिला हुकूम सोडला तो आरडाओरडा बंद करण्याचा. दुसरा चपलेचा.

ही चपलेची भानगड अशी. धुलाईचं मोठं यंत्र एका भिंतीत बसवलेलं होतं. भिंतीच्या एका बाजूला इस्पितळातून आलेल्या घाण चादरी, दुसऱ्या बाजूला धुतलेल्या; दोन्हींची गाठ पडू नये म्हणून मधे भिंत. चादरी घाणेरड्या बाजूने यंत्रात जात आणि स्वच्छ बाजूने बाहेर येत. यंत्र सुरू करण्याचं बटण स्वच्छ बाजूला, काकांपाशी. अधूनमधून आतल्या पिंपात चादरींचा पीळ बसे आणि यंत्र अडे. पिंप एवढं मोठं की आत माणूस ओणवा उभा राहील. मग पलीकडून मावशी आत शिरत आणि पीळ सोडवत. मावशी म्हणजे सगळ्यांच्याच मावशी; साठीला टेकलेल्या, अंगाने एवढ्याशा. दार उघडं असताना यंत्र सुरूच होऊ नये अशी सोय कारखान्याने दिलेली होती. ती बिघडून सहा वर्षं झाली होती आणि दुरुस्तीचा अर्ज वरच्या मजल्यावर विचाराधीन होता.

म्हणून खालच्या माणसांनी आपली सोय आपण केली होती. आत शिरण्याआधी मावशी "आत जातेय गं बाई!" अशी आरोळी ठोकत आणि भिंतीतल्या छोट्या खिडकीतून आपली डाव्या पायाची रबरी चप्पल पलीकडे सरकवत. काका ती बटणाखाली जमिनीवर ठेवत. चप्पल तिथे आहे तोवर बटणाला साक्षात मोठ्या बाईंनीही हात लावायचा नाही. पूर्वी यासाठी पाटी होती, पण पाटी काढायची राहून जाई. चप्पल राहत नाही. एका पायात चप्पल घालून कुणी घरी जात नाही.

हे नऊजणांना माहीत होतं. पुटपुट्यांना दिसली ती फक्त घाणेरड्या बाजूची, ओली, टाच झिजलेली एक चप्पल, स्वच्छ बाजूच्या पांढऱ्या फरशीवर.

"इस्पितळाच्या चादरी धुतो आपण," ते पोटातून म्हणाले. "तिकडचं पादत्राण इकडे पुन्हा दिसता कामा नये. आणि ती खिडकी बंद ठेवा. जंतू येतात."

काकांनी तोंड उघडलं. "साहेब, त्याचं असंय की—"

"अडचण आहे की उपाय?"

काका विचारात पडले. ही चप्पल हाच मुळात उपाय होता. त्यावर दुसरा उपाय कुठून आणणार? सात अंक मोजून झाले. "काही नाही साहेब," काका म्हणाले.

तीन आठवडे निभलं. साहेबांची पाठ वळली की काका खिडकीची झडप बोटभर उघडून डोकावत, मावशी दिसल्या तर बटण दाबत. साहेब समोर असले की खोकल्याचं निमित्त काढून वेळ काढत. साहेबांना वाटे, काकांची छाती नाजूक आहे. असं ते चाललं होतं.

चाचणीच्या शेवटच्या सोमवारी मोठ्या बाई स्वतः खाली आल्या. भिंतीशी खुर्ची टाकून बसल्या, मांडीवर कागद. त्या कागदावर पुटपुट्यांचं पुढचं सगळं आयुष्य होतं, आणि पुटपुट्यांना तो कागद सोडून काही दिसत नव्हतं. बाहेर इस्पितळाची गाडी चादरींची वाट बघत उभी होती. साडेदहाला यंत्र कण्हलं, थरथरलं आणि थांबलं.

काकांनी यंत्र बंद करायचं लाल बटण दाबून ठेवलं आणि ते हात मागे बांधून उभे राहिले. पाच मिनिटं गेली. सहा गेली. पलीकडून आवाज नाही. आवाजाला बंदीच होती.

"नेहमी एवढा वेळ लागतो?" बाईंनी घड्याळ पाहिलं.

पुटपुट्यांच्या मानेवरून घामाचा एक ओघळ कण्याच्या वाटेने निघाला. ते ताठ झाले. श्वास पोटात घेतला.

"सुरू करा," ते म्हणाले.

काका खोकले.

पुटपुटे काकांच्या भुवयांच्या मधोमध बघू लागले. एक. दोन. तीनला काकांचा हात हिरव्या बटणाकडे निघाला. बाईंनी कौतुकाने मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. चार.

आणि तेवढ्यात पुटपुट्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. काकांनी बटणाकडे बघायच्या ऐवजी बटणाखालच्या फरशीकडे बघितलं. घड्या घालणाऱ्या दोघींनी हातातली चादर तशीच धरून तिकडेच बघितलं. इस्त्रीवाल्याने बघितलं. हॉलमधली आठही माणसं फरशीच्या त्या एका चौकोनाकडे बघत होती, आणि त्या चौकोनावर काहीही नव्हतं.

पुटपुट्यांना जगातलं फारसं कळत नसेल, पण भेदरलेला चेहरा त्यांना हजारांत ओळखू आला असता. रोज दाढी करताना ते तोच बघत.

"थांबा," ते म्हणाले. आवाज पोटातून आला नाही, कुठूनतरी मानेतून आला. "काय झालं?"

"काही नाही साहेब."

"तिकडे काय बघताय सगळे?"

"काही नाही साहेब," घड्यावाली म्हणाली.

"तुम्ही सांगा."

"काही नाही साहेब," इस्त्रीवाला म्हणाला आणि त्याने गरम इस्त्री स्वतःच्या बोटांवर टेकवली, तरी हूं की चूं केलं नाही.

"शिस्त छान आहे," बाई म्हणाल्या. "पण आता सुरू करू या."

काकांचा अंगठा बटणावर होता. बटण हिरवं, वाटोळं, वर्षानुवर्षं दाबून मधे पांढरं पडलेलं. पुटपुटे त्या अंगठ्याकडे बघत राहिले. त्यांच्या लक्षात आलं, की आपण आणखी एकदा नुसतं बघितलं तर हा माणूस बटण दाबेल. जे काही आहे ते होऊ देईल, पण आपल्याला सांगणार नाही. इतके आपण प्रभावी झालो आहोत.



"अहो काका!" ते ओरडले. आवाज फाटला, चिरकला, पार टपालाच्या टेबलापर्यंत मागे गेला. "अहो बोला ना हो कुणीतरी! हात जोडतो! अडचण सांगा, उपाय गेला खड्ड्यात! काढा तो हात आधी, काढा!"

काकांनी हात काढला आणि विस्तवाला लागल्यासारखा काखेत धरला.

"मावशी आत असतील," ते म्हणाले.

"आत म्हणजे?"

"पिंपात."

"असतील म्हणजे? आहेत का नाहीत?"

"माहीत नाही साहेब. चप्पल असती तर माहीत असतं."

पुटपुटे खिडकीकडे धावले. कसे धावले ते त्यांनाही नंतर आठवेना. झडप अडकली होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी उपटली. पलीकडे घाण चादरींचे ढीग होते, ढिगांना टेकवलेली ढकलगाडी होती, यंत्राचं दार सताड उघडं होतं. माणूस नव्हतं.

"मावशी!"



"मावशी! अहो मावशी!"

पिंपाच्या काळोखातून, पाण्याच्या निथळत्या टपटपीतून, दोन पाय हळूहळू बाहेर आले. अनवाणी. मग कंबर आली, मग हातभर पिळलेली चादर आणि सर्वांत शेवटी घामेजलेलं डोकं.

"पहिल्याच हाकेला ऐकलं हो," मावशी दम खात म्हणाल्या. "पण ओ द्यायची म्हणजे ओरडावं लागतं, आणि साहेबांना चालत नाही. म्हटलं, आधी बाहेर यावं मग हळूच सांगावं."

पुटपुट्यांनी खिडकीच्या चौकटीला कपाळ टेकलं. त्यांना हसू येत होतं की ओकारी, ते ठरत नव्हतं. उकळतं पाणी आधी सुटतं की पिंप आधी फिरतं, असा प्रश्न त्यांच्या डोक्यात आला आणि तो त्यांनी कुणाला विचारला नाही.

मागे खुर्ची सरकली. बाई उठल्या होत्या. त्यांचाही चेहरा उतरला होता, पण त्या वरच्या मजल्याच्या होत्या, त्यांनी तो लगेच सावरला.

"सुरुवातीला पकड चांगली होती तुमची," त्या म्हणाल्या. "शेवटी गमावलीत. माणसांसमोर हात जोडणं, किंचाळणं... मला हे लिहावं लागेल."

"लिहा," पुटपुटे म्हणाले. "आणि सहा वर्षांपूर्वीचा दाराच्या दुरुस्तीचा अर्ज आहे म्हणे वर. त्याच्याखाली लिहा."

हे आपणच बोललो यावर त्यांचा विश्वास बसला नाही. बाईंचाही बसला नसावा, कारण त्या सरळ जिना चढून गेल्या. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

"साहेब, सुरू करू?" काकांनी विचारलं.

"नको." पुटपुटे बटणासमोर येऊन उभे राहिले आणि बटणाला पाठ लावली. विजार ढगळ होती तरी आता गुडघे सगळ्यांना दिसत होते. "तीन आठवड्यांत मी आणखी कायकाय बंद केलंय ते मला पाठ आहे. कशाकशाने कोण मरेल ते मला माहीत नाही. ते तुम्हाला माहीत आहे. सांगा."

घड्यावाल्या एकमेकींकडे बघू लागल्या. इस्त्रीवाला बोटं चोखत होता. पुटपुट्यांनी अंक मोजले नाहीत. नुसते उभे राहिले, आणि दर क्षणाला त्यांना वाटत होतं, की आता कुणीतरी "काही नाही साहेब" म्हणणार.

काकांनी घसा खाकरला. या वेळी खोकला खरा होता.

"साहेब," ते अगदी हळू म्हणाले, "ते बॉयलरमधे वाफ वाढली की शिट्टी वाजते ना, ती कानाला त्रास देते म्हणून तुम्ही चिंधी कोंबायला सांगितली होतीत..."

"हो?"

"त्याचं आधी सांगू का?"