बोकडानं ताणलेला काटा

मित्रांनो, खर्ड्याजवळच्या एका वस्तीवरच्या अंगणवाडीतला मी जुना ताणकाटा. वर कडी, खाली आकडा, आकड्याला कापडी झोळी आणि झोळीत रडणारं बाळ, असा माझा संसार. माझ्या पोटात पोलादी स्प्रिंग आहे. एक किलोचं ओझं आलं की ती थोडी लांबते, दोन किलोला दुप्पट लांबते आणि ओझं उतरलं की मुकाट्यानं आपल्या जागी येते. या खरेपणावर सेविका पुष्पावतीताई फार खूश असत. पण माझी धाव पंचवीस किलोंपर्यंतच. तसं माझ्या तोंडावरच लिहिलं आहे, पण वाचतो कोण!

ऊसतोडीचा हंगाम संपला आणि बजरंग व सविता तान्ह्या दिशाला घेऊन गावी आले. पिराच्या कंदुरीला, म्हणजे नवसाच्या जेवणाला, बोकड कापायचा होता. तो किती भरेल, यावर बजरंगची भावाशी पैज लागली. ताईंच्या माघारी त्यानं मला लिंबाच्या फांदीला टांगलं आणि माझ्या आकड्याला तो दांडगा बोकड अडकवला. वर त्या बोकडानं लाथाही झाडल्या. 'तुटेपर्यंत ताणू नये,' असं तुम्ही म्हणता. मी तुटलो नाही हो! पण तुटण्याच्या अलीकडेही एक हद्द असते. ती ओलांडली की स्प्रिंग लांबलेलीच राहते. बोकड उतरला, तरी माझा काटा शून्यावर आला नाही. बजरंगनं मला गुपचूप परत खुंटीला लावलं.

दुसऱ्या दिवशी दिशाचं वजन झालं. घाईत ताईंनी आधी रिकामी झोळी पाहिली नाही.

"चांगली भरली की गं," त्या म्हणाल्या.

सविता जागची हलेना. "ताई, काटा काय बी म्हनू द्या. पोर हाताला हलकी लागती. दूध बी ओढंना."

ऐका हो तिचं, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. ताईंनी बाळ उचललं, तर रिकाम्या झोळीवरही माझा काटा दीड किलो दाखवत उभा! त्यांचा चेहरा उतरला. दारातला बजरंग पुटपुटला, "काल बोकड टांगला हुता म्या." ताई त्याला बोलत बसल्या नाहीत. मायलेकींना घेऊन त्यांनी लगेच तालुक्याचा दवाखाना गाठला. दिशा तिथं राहिली, औषधपाण्यानं सावरली.

आता अंगणवाडीत नवा काटा आहे. शाळेचे गुरुजी अधूनमधून मला नेतात आणि माझी लांबलेली स्प्रिंग मुलांना दाखवतात. म्हातारपणी ही नोकरी बरी आहे. मुलांनो, माझं मागणं एवढंच. काहीही ताणण्याआधी त्याची हद्द विचारा, आणि वजन करण्याआधी रिकामा काटा बघा.

परवा सविता आली. दिशाला या कडेवरून त्या कडेवर घेत म्हणाली, "ताई, हिला घिऊन घिऊन हात भरून आल्यात माजं."

बजरंगनं पुढं होऊन लेकीला उचललं. "व्हय, लई भरली," तो म्हणाला आणि तिला खाली ठेवायला तयारच होईना.